अग्निप्रदीपनाची पाच मिनिटे

संपादकांनी पत्रात लिहिले होते, "आपण बालपणी पाठशाळेत अग्नीची सूक्ते शिकलात आणि पुढे आयुष्यभर साखर कारखान्याचा बॉयलर चालवलात. इंधन जळते म्हणजे नेमके काय होते, हे आमच्या वाचकांना आपल्या शब्दांत सांगावे." विनंती साधी होती. कागद पुढे ओढून बसलो तेव्हा ध्यानात आले की इंधनाविषयी मला जे ठाऊक आहे त्यातील निम्मे मला लिंबाजीने शिकवले, आणि उरलेले निम्मे लिंबाजीचे डोळे गेले त्या दिवशी कळले. त्याला वगळून हा लेख लिहिता येणार नाही. खरे तर त्याला वगळून मी एकदा लिहिले आहे. त्याचेच प्रायश्चित्त म्हणून आज लिहीत आहे.

आमचे घराणे भिक्षुकीचे. वडील वारले तेव्हा माझे अध्ययन अर्धवट होते. कोणाच्या तरी शब्दावर मी जिल्ह्यातील एका कारखान्यात बॉयलरवर फायरमन म्हणून, म्हणजे भट्टीत इंधन घालायला, लागलो आणि पुढे परीक्षा देऊन बॉयलर सांभाळणारा अटेंडंट झालो. कारखान्याचे नाव लिहीत नाही; चूक कारखान्याची नव्हती, माणसांची होती. आमच्या भागात भिक्षुकाला 'देवा' म्हणून हाक मारण्याची रीत आहे. ज्या दिवशी सोवळे सोडून खाकी विजार चढवली, त्या दिवशी भट्टीसमोर उभा असलेला, माझ्याच वयाचा एक काळासावळा गडी मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "या देवा. हितं बी होमच हाय. फकस्त दक्षिणा न्हाई."

तो लिंबाजी. दिंद्रुडच्या बाजूचा. शाळा चौथीपर्यंत.

ज्यांनी बॉयलर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. उसाचा रस काढून झाल्यावर जो चोथा उरतो त्याला आम्ही भुसा म्हणतो. तोच कारखान्याचे इंधन. भट्टीत भुसा जळतो, भट्टीभोवतीच्या नळ्यांतील पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर कारखाना चालतो. परंतु भट्टीतील उष्णता आगीने निर्माण केलेली नसते. उसाच्या पानांनी बारा-चौदा महिने ऊन प्यालेले असते. ते ऊन त्या चोथ्यात बांधलेले असते. भुशातील कार्बन आणि हायड्रोजन हवेतील प्राणवायूशी संयोग पावतात, तेव्हा ती गाठ सुटते आणि बांधलेले ऊन मोकळे होते. आपण ज्याला जाळ म्हणतो तो केवळ त्या सुटण्याचा प्रकाश. पाठशाळेत आम्ही अग्नीला देवांचा दूत म्हणत असू; हा दूत सूर्याचे सूर्यालाच परत करतो, असे मला भट्टीसमोर उभे राहून वाटू लागले. मी हे एकदा लिंबाजीला सांगितले. तो म्हणाला, "आसंल. पर दूताला आदी हवा द्या, न्हाईतर निरोप चिमणीतच आडकल."

हवेचे त्याला अपार ज्ञान होते. धूर काळा निघाला की हवा कमी पडते आहे, इंधन अर्धवट जळून वाया चालले आहे. धूर मुळीच दिसेनासा झाला की हवा गरजेपेक्षा जास्त आहे. ती फुकट तापून चिमणीवाटे निघून जाते आणि आपली उष्णता बरोबर नेते. या दोहोंच्या मध्ये एक फिकट, कांद्याच्या सालीसारखा रंग असतो. तो रंग लिंबाजी कारखान्याच्या आवारात बसून ओळखायचा. भट्टीच्या दाराला निळ्या काचेचे एक छोटे भोक होते. त्यातून एक डोळा लावून तो सांगायचा, "डाव्या कोपऱ्यात भुसा ढीग धरायलाय," आणि ढीग तिथेच असायचा.

ओल्या भुशाचे त्याचे सूत्र मी पुढे कित्येक शिकाऊ मुलांना ऐकवले: "वला भुसा आदी सवताला वाळवतोय, मग उरलंच तर आपल्याला तापवतोय." यात सारे भौतिकशास्त्र आले. भुशात जितके पाणी, तितकी उष्णता ते पाणी उडवण्यातच खर्च होते.

एका हंगामात नवीन अभियंता साहेब आले होते. वाफेचा दाब पडला की ते ओरडायचे, "भुसा वाढवा!" भुसा वाढवला की दाब आणखी पडायचा, कारण नव्या भुशाच्या थराखाली जाळ गुदमरायचा. तिसऱ्या वेळी लिंबाजी फावडे टेकवून शांतपणे म्हणाला, "सायेब, तुमाला जेवताना मधीच दहा भाकरी तोंडात कोंबल्या तर तुमी पळताल का पडताल?" साहेब लालबुंद झाले. मी घाईघाईने म्हणालो, "साहेब, त्याला म्हणायचे आहे की हवा वाढवून पाहू." हवा वाढवली, दाब चढला. साहेब पुढे चार वर्षे राहिले आणि जाताना लिंबाजीच्या पाया पडायला निघाले. तो मागे सरकला, म्हणाला, "देवाच्या पडा, मला कावून लाजवता?"

असे आम्ही दोघे सोळा हंगाम एका भट्टीसमोर उभे होतो.

आता त्या दिवसाकडे येतो.

गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी, बहुधा दसऱ्याच्या आसपास, प्रत्येक साखर कारखान्यात बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. अध्यक्ष सपत्नीक पूजेला बसतात, भट्टीत समिधा, तूप, कापूर आणि नारळ अर्पण करून मुहूर्तावर अग्नी चेतवतात. पहिली काही वर्षे बाहेरून गुरुजी येत. पुढे कोणाच्या तरी ध्यानात आले की आपल्या बॉयलरवरचाच माणूस दशग्रंथी घराण्यातला आहे. तेव्हापासून त्या एका दिवशी मी खाकी उतरवून सोवळे नेसत असे. मला याचा अभिमान होता, हे लपवत नाही. त्या दिवशी भट्टीसमोर जे दोन अधिकार असतात, पुरोहिताचा आणि बॉयलरवाल्याचा, ते दोन्ही माझ्याच एका देहात एकवटलेले असत. हे किती धोक्याचे आहे, ते माझ्या कधी मनातही आले नाही.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. मागच्या हंगामाचा जपून ठेवलेला भुसा पत्र्याच्या गळतीने वरवर कोरडा आणि आतून दमट झाला होता. समिधा रचून त्यावर भुसा पसरला होता. भट्टीतील धूर ओढून चिमणीत टाकणारा एक प्रचंड पंखा असतो. लिंबाजीने तो सकाळपासून चालू ठेवला होता. पूजेला आरंभ झाला आणि ध्वनिक्षेपकावरून माझा आवाज कोणाला ऐकू येईना. पंखा विमानासारखा गर्जत होता. मंडपात पाहुणे होते, अध्यक्षांच्या वृद्ध मातोश्री होत्या, पंचक्रोशीतील ऊस उत्पादक होते. मी हात वर करून सांगितले, "पंखा बंद करा. मंत्र ऐकू येऊ देत."

लिंबाजीने माझ्याकडे पाहिले. पंखा बंद झाला, चिमणीकडची झडप मिटली, आणि माझा आवाज सर्वत्र स्वच्छ घुमू लागला.

अध्यक्षांनी पलिता लावला. जाळ समिधांना लागला, भुशापर्यंत पोहोचला आणि बसला. भट्टीचे दार लावून घेतले. काचेतून पाहिले तर आत ज्वाला नव्हती. दाट, पिवळसर पांढरा धूर गोल गोल फिरत होता.

वाचकांनी हे नीट समजून घ्यावे. इंधन नुसते धुमसते तेव्हा त्यातून जळू शकणारे वायू सुटत राहतात. हवा नसल्यामुळे ते जळत नाहीत, साचतात. उष्णता आहे, इंधन आहे, उणीव केवळ हवेची. अशा वेळी दार उघडले तर ती उणीव एका क्षणात भरून निघते. म्हणून नियम असा की भट्टी विझली किंवा धुमसली, तर आधी पंखा लावायचा, पाच मिनिटे आतले सारे वायू चिमणीवाटे काढून टाकायचे, आणि मगच दाराला हात लावायचा. परीक्षेत हा प्रश्न मला आला होता. उत्तराला पूर्ण गुण मिळाले होते.

लिंबाजी माझ्या कानाशी आला. "देवा, पंखा लावतो. पाच मिनटं."

मी घड्याळ पाहिले. मुहूर्ताची तीन मिनिटे उरली होती.

"मुहूर्त जाईल," मी म्हणालो.

"जाऊ द्या की. दुपारचा आसंलच की दुसरा."

"अध्यक्ष बसलेत, पाहुणे बसलेत. राहू दे पंखा. तू दार उघड, मी तुपाची आहुती टाकतो. धरेल."

"देवा..."

"लिंबाजी, दार उघड."

त्या स्वरात मी त्याच्याशी सोळा वर्षांत कधी बोललो नव्हतो. तो पुरोहिताचा स्वर होता. त्याने मान खाली घातली. अध्यक्षांच्या पत्नीला म्हणाला, "वैनी, तुमी जरा त्या खांबाकडं व्हा." मग डावा हात आडवा करून त्याने मला मागे सारले, माझ्या आणि दाराच्या मधोमध स्वतः उभा राहिला आणि उजव्या हाताने खटका उचलला.

मला आवाज आठवत नाही. आठवतो तो केवळ एक नारिंगी पडदा, जो दारातून बाहेर आला आणि गेला. श्वास घेऊन सोडावा, एवढाच वेळ. माझे उपरणे काठाला करपले. तुपाची पळी माझ्या हातात जशीच्या तशी होती. लिंबाजी जमिनीवर बसला होता, दोन्ही पंजे चेहऱ्यासमोर धरून, जणू काही वाचतो आहे. आणि त्याच्यामागे, उघड्या दारात, जाळ उत्तम धरला होता. मुहूर्ताचे दीड मिनिट शिल्लक होते.

दोन्ही डोळे गेले. हात वर्षभराने काही प्रमाणात वळू लागले.

चौकशीसाठी अधिकारी येणार होते. आदल्या दिवशी व्यवस्थापकांनी मला बोलावून घेतले. दुष्ट गृहस्थ नव्हते. दोन दिवसांत त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "गुरुजी, बॉयलर थांबला तर ऊस शेतात वाळेल. तुमचे नाव आले की पूजा आली, पूजा आली की अध्यक्ष आले, मग हे सहा महिने संपत नाही. लिंबाजीचे आता काही व्हायचे राहिलेले नाही. तुम्ही जे घडले तेवढेच लिहा."

मी लिहिले: 'फायरमन लिंबाजी याने पंखा चालू न करता भट्टीचे दार उघडले. त्यामुळे भडका उडाला.'

पाठशाळेत आम्हाला सत्याची व्याख्या शिकवली होती. या दोन वाक्यांत एक अक्षरही असत्य नाही. मी ती आजवर असंख्य वेळा मनात वाचली आहेत आणि दर वेळी ती खरीच निघाली आहेत. पंखा कोणी बंद करवला आणि दार कोणी उघडवले, एवढेच त्यांत नव्हते. अहवालात 'फायरमनचा निष्काळजीपणा' असे आले. हंगाम वेळेवर सुरू झाला.

लिंबाजीला गावात 'भडक्या' हे नाव पडले. ज्या माणसाने सोळा हंगाम एका ठिणगीवरही अविश्वास दाखवला, त्याला भडक्या. त्याच्या मुलाने कारखान्यात अर्ज केला तेव्हा कचेरीतील कोणीतरी हसत म्हणाले, "भडक्याचा पोरगा ना? याला उसाच्या वजनकाट्यावर घ्या, आगीपासनं लांब." तेही झाले नाही. मी त्या वेळी पलीकडच्या टेबलाशी उभा होतो.

पुढल्या वर्षी अग्निप्रदीपन आले. मी सोवळे नेसलो, भट्टीसमोर बसलो आणि घोषणा केली की अग्नीला आवाहन करण्यापूर्वी वायूचे पूजन करणे शास्त्रोक्त आहे. पंख्याला हळदकुंकू वाहिले, तो चालू करवला आणि हात जोडून वायूच्या स्तुतीच्या ऋचा म्हणू लागलो. मुद्दाम अशा निवडल्या होत्या की सावकाश म्हटल्या तर पाच मिनिटांहून थोड्या अधिक चालाव्यात. पंख्याच्या गर्जनेत त्यातील एकही शब्द कोणाला ऐकू आला नाही, तरी साऱ्या मंडपाने हात जोडले होते. सुरक्षेचा नियम म्हणून सांगितले असते तर पाहुण्यांची गाडी उभी आहे म्हणून कोणीतरी तो दोन मिनिटांवर आणला असता. विधी मात्र कोणी कापत नाही. आता माझ्याकडून शिकलेले गुरुजी जिल्ह्याबाहेरच्या कारखान्यांतही वायुपूजन सांगतात, असे ऐकतो. त्यांनी आज हे वाचावे: हा विधी कोणत्याही शास्त्रात नाही. तो मी घातला आहे. तो सोडू नका, पण तो कशामुळे आला ते जाणून म्हणा.

त्या दिवशीच्या जबाबाची दुरुस्ती मी गेल्या महिन्यात लेखी करून कारखान्याकडे आणि संबंधित कचेरीकडे पाठवली आहे. उत्तर आलेले नाही. इतक्या वर्षांनी कोणी उत्तर द्यावे अशी अपेक्षाही नाही. मात्र छापील अक्षर गावात पोहोचते. लिंबाजीच्या नातवाला शाळेत 'भडक्याचा नातू' म्हणतात, हे मला अलीकडेच कळले, आणि मग मला लेखणी खाली ठेवता येईना.

येथवरचे लिखाण घेऊन मी गेल्या आठवड्यात केजहून धारूरमार्गे एसटीने लिंबाजीकडे गेलो. छापण्यापूर्वी त्याला वाचून दाखवणे अवश्य होते. दर दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन जातोच. या खेपेस दिवाळीच्या आधी आणि डब्याशिवाय आलेला पाहून त्याच्या पत्नी गयाबाई क्षणभर दारातच उभ्या राहिल्या.

"कोन हाय गं?" आतून लिंबाजीने विचारले.

"देव आलेत तुमचे," त्या म्हणाल्या. "रिकाम्या हातानं."

अंगणातल्या बाजेवर आम्ही बसलो. सिलिंडर संपल्यामुळे गयाबाई चहासाठी चुलीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडून घालत होत्या. मी वाचू लागलो. अभियंता साहेबांचा प्रसंग आला तेव्हा लिंबाजी खुदकन हसला. "दहा न्हाई, पंधरा भाकरी म्हनलो व्हतो. तुमी कमी केल्या." मग पंख्याचा भाग आला. 'राहू दे पंखा, तू दार उघड' हे वाक्य मी वाचले. चुलीशी पऱ्हाटी मोडण्याचा आवाज थांबला.

मी शेवटपर्यंत वाचले.

"हे छापनार?" लिंबाजीने विचारले.

"हो."

"तुमच्या नावानं?"

"माझ्या नावाने."

गयाबाईंच्या हातात काड्यांची पेटी होती. त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "वीस वर्सं झाली. दर दिवाळीला लाडू आनले, चिवडा आनला, शंकरपाळी आनली. हे येवढं एक वाक्य त्या डब्यात घालून आनाया येत नव्हतं का, देवा?"

मी कागदांची घडी घालू लागलो.

"गप गं," लिंबाजी म्हणाला. मग माझ्याकडे चेहरा करून, "एक चूक हाय तुमच्या लिवण्यात. तुमी समदं तुमच्यावर घेतलंय. मला कळत व्हतं आत काय साचलंय ते. तुमी सांगितलं खरं, पर हात माझा व्हता. मी न्हाई म्हनायला पायजे व्हतं. ते बी लिवा. न्हाईतर लोक म्हनतील, लिंबाजीला भट्टीतलं काय कळत नव्हतं."

मी ते येथे लिहिले आहे. त्याच्या मताशी मी सहमत नाही, तरी ते त्याचे आहे.

थोड्या वेळाने त्याने विचारले, "त्या वायूच्या पूजेत काय म्हनता हो तुमी?"

"ऋचा आहेत."

"म्हना की एकदा. माझ्या माघारी सुरू केलं. मला कवाच ऐकू आलं न्हाई."

कोणालाच ऐकू आल्या नव्हत्या, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले. इतक्या वर्षांत त्या ऋचा पंख्याच्या गर्जनेखेरीज कोठेही म्हटल्या गेल्या नव्हत्या. मी बाजेवर मांडी घालून बसलो आणि म्हणू लागलो. अंगणात वारा नव्हता. गयाबाई चुलीपुढे काडी न ओढता बसून राहिल्या. लिंबाजी मांडीवर बोटे एकेक करून मिटत होता; ती पूर्ण मिटत नाहीत, तरी मिटत होता. माझा स्वर दोनदा अडखळला. पाठशाळेत अडखळले की पुन्हा आरंभापासून म्हणावे लागे. मी तसेच पुढे म्हणत राहिलो.

ऋचा संपल्या.

"झाली पाच मिनटं," लिंबाजी म्हणाला. "आता लाव गं."

गयाबाईंनी काडी ओढली. त्या खर्रकन झालेल्या आवाजासरशी लिंबाजीने डावा हात आडवा करून मला मागे सारले.